मोनोची कळ फिरवताना

गायक वसंतराव देशपांड्यांची जुनी मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवायला घेतली की जाणता श्रोता एक काम न चुकता करतो. अ‍ॅम्प्लिफायरवरची मोडची कळ तो स्टिरिओवरून मोनोवर आणतो. मोनो तबकडीच्या खाचेत गाणं कोरलेलं असतं ते फक्त आडव्या हालचालीत. सुई डावी-उजवीकडे डुलते तेव्हा गाणं वाजतं. वर-खाली होते तेव्हा वाजते ती धूळ, झीज आणि टर्नटेबलची घरघर. १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांच्या खाचेची प्रत्येक भिंत ४५ अंशांत उतरती असते आणि एकेका भिंतीवर एकेक वाहिनी कोरलेली असते. त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिजला उभी हालचालही उचलावीच लागते. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की आडवी हालचाल बेरजेत टिकते आणि उभी एकमेकींत विरून जाते. खरखर उतरते, घरघर खाली बसते, आणि इतका वेळ दोन स्पीकरांच्या मध्ये पसरलेला गळा मधोमध येऊन उभा राहतो.

व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नेमक्या याच क्षणी स्पीकरमधून आवाज येतो : ठक्!

खरखर घालवायला कळ फिरवावी आणि त्या कळीनेच खरखरीहून दहापट मोठा घाव घालावा, हे श्रोत्याला फार लागतं. बहुतेक जण त्याला जुनेपणाचा अटळ दोष म्हणून सोडून देतात. माझं मत वेगळं आहे. हा आवाज लक्षपूर्वक ऐकण्याच्या लायकीचा आहे, कारण अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याची बुद्धी, त्याची घाई किंवा त्याची माया त्यात उघडी पडते. वाजत असताना बरेच अ‍ॅम्प्लिफायर चांगलेच वाटतात. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना तो कसा वागतो, यावरून मी त्याची जात ओळखतो.

नागपुरात बसून हे लिहिताना वसंतरावच समोर येतात, याला कारण आहे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० सालचा. पण गळ्याला पहिलं वळण लागलं ते नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. संगीतकार सी. रामचंद्रही याच सप्र्यांकडे शिकले. १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं. त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरच्या रंजन कला मंदिराचे, आणि त्यातले खाँसाहेब झाले वसंतराव. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह आज त्यांच्या नावाने आहे. त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आकाशवाणी आहे. हे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं या शहराचा कान घडला तो व्हॉल्व्हच्या रेडिओवर. महालातल्या वाड्यांत, धंतोलीतल्या बंगल्यांत लाकडी पेटीचे ते सेट संध्याकाळी तापायला लागत, स्टेशन जुळल्याचं दाखवणारी मॅजिक आयची हिरवी पाकळी मिटत यायची, आणि मग आवाज यायचा. बऱ्याच सेटांवर मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह यांच्या जोडीला ‘ग्रॅम’ अशी एक खूण असे. रेकॉर्ड प्लेअरची तार मागे जोडायची आणि कळ ‘ग्रॅम’वर न्यायची. मोड बदलताना येणारी ठक् नागपूरकराच्या कानाला पहिल्यांदा तिथेच भेटली.

वसंतरावांचं गाणं अकस्मातांनी भरलेलं आहे. सरळ चाललेल्या आलापातून ते एकदम तारसप्तकात झेप घेतात आणि परत येताना वाटेतले स्वर असे गाळतात की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. तबल्यावरचा ‘ना’ही असाच अचानक येतो. अ‍ॅम्प्लिफायरची ठक् मात्र त्यांच्या पंगतीला बसत नाही, ती का, हे नीट ऐकल्याशिवाय कळत नाही. झेपेच्या आधी गायकाचा श्वास ऐकू येतो, आवाजाची घडण बदलते, काहीतरी येतंय अशी सूचना मिळते. ‘ना’ कडाडतो, पण त्याच्या मागे शाईचा नाद काही काळ रेंगाळतो आणि त्या नादाला पट्टी असते. ठकीला आधी श्वास नसतो आणि नंतर स्वर नसतो. स्पीकरचा कागद एकदाच पुढे किंवा मागे फेकला जातो आणि मग निमूट जागेवर येतो. तिच्यात सगळ्या कंपनसंख्या एकाच वेळी असतात, म्हणून कोणतीच स्वर म्हणून कानात ठरत नाही.

हे घडतं कसं, ते पाहायला एक रचना समोर ठेवतो. १९५० च्या दशकात मुलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीने हौशी लोकांसाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यांतली ‘फाइव्ह-टेन’ फार गाजली. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. सुरुवातीला ईएफ८६, मग ईसीसी८३, शेवटी ईएल८४ ची जोडी आणि वीज एकदिश करणारा पाचवा व्हॉल्व्ह. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ईसीसी८३ आणि ईएल८४ आपल्याकडेच बनवले, त्यामुळे अशी रचना भारतीय हौशी माणसाच्या आवाक्यात आली. माझ्याकडे आहे तो याच घराण्यातला, दोन वाहिन्यांचा, घरगुती बांधणीचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या आधी ईसीसी८३ चा प्रीअ‍ॅम्प आहे आणि त्यावर चार जागांची मोडची कळ : स्टिरिओ, मोनो, फक्त डावी, फक्त उजवी.

फाइव्ह-टेनच्या आकृतीत एक जागा मला फार आवडते. ईएफ८६ ची प्लेट, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो ते टोक, पुढच्या ईसीसी८३ च्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या टोकाला, थेट जोडलेली आहे. मध्ये कंडेन्सर नाही. पहिल्या व्हॉल्व्हचा विजेचा दाब हाच दुसऱ्याचा बैठकीचा दाब व्हावा, असा हिशेब आधीच जुळवून ठेवलाय. एक भाग कमी झाला, खालच्या स्वरांतली एक डगमग कमी झाली, आणि चुकायची एक जागाही गेली. कळ मात्र अशा जागी बसवता येत नाही. कळीचं काम जोडणं आणि तोडणं, आणि जिथे शेकडो व्होल्टचा स्थिर दाब आहे तिथे जोड-तोड केली की स्फोटच होणार. म्हणून कळीच्या आधी कंडेन्सर येतो. तो गाण्याला पुढे जाऊ देतो आणि स्थिर दाब मागे अडवतो.

बांधणाऱ्याची परीक्षा या कंडेन्सरच्या मोकळ्या टोकाशी होते. समजा, कळ ‘फक्त डावी’वर आहे. उजव्या वाहिनीच्या कंडेन्सरचं एक टोक प्लेटवर आहे, तिथे दीड-दोनशे व्होल्ट. दुसरं टोक कळीच्या रिकाम्या पत्रीवर लोंबतंय, कशालाच न जोडलेलं. जगातला कोणताही कंडेन्सर शंभर टक्के घट्ट नसतो. अगदी थोडी वीज त्यातून झिरपतेच. त्या झिरपणाऱ्या विजेला जायला वाट नाही, म्हणून लोंबणारं टोक हळूहळू वर चढत प्लेटच्या दाबाला जाऊन भिडतं. कंडेन्सर जुना आणि गळका असेल तर त्याला काही सेकंद पुरतात. नवा असेल तर बराच वेळ लागतो. मग तुम्ही कळ स्टिरिओवर नेता. ते दीड-दोनशे व्होल्टवर चढलेलं टोक एकदम व्हॉल्यूमच्या कंट्रोलला टेकतं आणि क्षणात खाली कोसळतं. या जागी गाण्याचा सिग्नल व्होल्टच्या छोट्या अंशात मोजावा लागतो. त्याच्यापुढे हा कोसळणारा दाब म्हणजे डोंगरच. हीच ती ठक्.

यावरचा उपाय माझ्या मते साऱ्या व्हॉल्व्ह-विद्येतला सर्वांत सुंदर उपाय आहे. कंडेन्सरच्या त्या टोकापासून चेसिसपर्यंत, म्हणजे शून्य दाबाच्या जागेपर्यंत, एक मेगओहमचा एक रेझिस्टर लावायचा, कळीच्या आधी, कायमचा. बस्स. झिरपणाऱ्या विजेला घरी जायला वाट मिळाली. कळ कुठेही असो, ते टोक शून्याच्या आसपासच थांबतं, आणि कळ टेकली तरी शून्य शून्याला भेटतं. मैफलीत गवई बदलला तरी तानपुरे आधीच जुळलेले असावेत, तसंच हे आहे. हा रेझिस्टर गाण्याच्या वाटेत उभाच नाही. तो काढून टाकला तरी वसंतरावांच्या आवाजात फरक पडणार नाही. आकृतीत त्याचं अस्तित्व फक्त बदलाच्या एका क्षणासाठी आहे, आणि ज्याने तो आखला-बसवला त्याने ऐकणाऱ्याचा तो क्षण आधीच मनात आणला होता. कंपन्यांच्या महागड्या यंत्रांतही तो राहून गेलेला मी पाहिला आहे. आणि एखाद्या अनामिक हौशी माणसाच्या चेसिसवर, सोल्डरचा ओबडधोबड गोळा लावलेला का होईना, तो सापडला की त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

ही ठक् ओळखायची खूण कानानेच मिळते. कळ फिरवा, ठक् येईल. लगेच मागे नेऊन पुन्हा फिरवा. दुसरी ठक् फार हलकी असेल किंवा येणारच नाही, कारण टोकाला पुन्हा वर चढायला वेळच मिळालेला नाही. आता चहा करून या आणि फिरवा. पूर्वीइतकीच मोठी ठक् ऐकू येईल. वेळेबरोबर वाढणारी ठक् म्हणजे लोंबणारा कंडेन्सर, यात शंका ठेवू नये. उलट प्रत्येक वेळी तेवढीच ठक् येत असेल, कितीही पटपट फिरवलं तरी, तर दोष दुसरीकडे आहे.

तो दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि मोनोच्या कळीवरच भेटतो. समजा रेझिस्टर आहेत, पण कंडेन्सर गळके आहेत. जुन्या मेणकागदी कंडेन्सरमधून एक मायक्रोअँपिअर गळणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण एक मायक्रोअँपिअर एका मेगओहममधून गेला की तिथे एक व्होल्ट उभा राहतो. डाव्या वाहिनीवर असा एक व्होल्ट आहे आणि उजव्या वाहिनीचा कंडेन्सर बरा असल्याने तिथे फक्त दहावा हिस्सा आहे, असं धरू. मोनोची कळ या दोन जागा एकमेकींना जोडते. दोघी मधल्या पातळीवर येतात : डावी खाली उतरते, उजवी वर चढते. म्हणजे ठक् दोन्ही स्पीकरांतून येते, पण उलट दिशांनी. एका स्पीकरचा कागद पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. कान सवयीचा असेल तर हे चक्क ऐकू येतं. मोनोतलं गाणं मधोमध एकवटलेलं असतं. ही ठक् मात्र मध्ये सापडत नाही. ती पोकळ येते, दोन्ही बाजूंना पसरलेली, जागा नसलेली. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी मीटर लावून पडताळलं आणि खरोखरच दोन वाहिन्यांच्या पातळ्या वेगळ्या निघाल्या. एखाद्या बिघाडाने आपली जागा इतकी नेमकी सांगावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

इथे उपाय दोन. गळके कागदी कंडेन्सर काढून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्मचे, किमान ४०० व्होल्टचे, घालायचे. आणि मोनो करताना दोन वाहिन्या थेट एकमेकींवर न आपटता, प्रत्येकीच्या वाटेत दहाएक हजार ओहमचा रेझिस्टर ठेवून जोडायच्या. त्याने दोन्ही व्हॉल्व्हांना एकमेकांचा भार सोसावा लागत नाही. जुन्या चेसिसवरचे सगळे भाग मूळचेच ठेवायचे, असा हट्ट काही संग्राहक धरतात. मला तो पटत नाही. बाहेरची पेटी, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह जपावेत. गळका कागदी कंडेन्सर जपण्यात काही भक्ती नाही. तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर दाब टाकून एखादा चांगला ईएल८४ जाळू शकतो.

सर्वांत मोठी ठक् मात्र कॅथोडपाशी होते. काही प्रीअ‍ॅम्पांत जादा जोराची एक कळ असते. ती कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडते आणि सोडते. ईसीसी८३ च्या कॅथोडवर दीडेक व्होल्ट असतात. रिकामा कंडेन्सर तिथे अचानक टेकला की तो क्षणभर जणू कॅथोडला जमिनीवर ओढतो. दीड व्होल्टची ती घसरण व्हॉल्व्ह आपल्या सगळ्या ताकदीने वाढवतो आणि प्लेटवर पन्नासहून अधिक व्होल्टची उडी होते. स्पीकर दचकतो, ऐकणारा त्याहून जास्त. उपाय पुन्हा एका रेझिस्टरचाच, एक लाख ओहमचा, कळीच्या दोन टोकांवर. कळ उघडी असली तरी त्यातून कंडेन्सर हळूहळू भरलेला राहतो आणि कळ मिटल्यावर त्याला नव्याने काही प्यायचं उरत नाही. एक लाख ओहम इतके मोठे आहेत की कळ उघडी असताना गाण्याच्या दृष्टीने तो कंडेन्सर नसल्यासारखाच. सर्व उपायांत मला दिसते ती एकच दृष्टी : कळ ज्या ज्या टोकाला कधीतरी शिवणार आहे, ते टोक आधीच त्या जागेच्या पातळीवर आणून ठेवायचं.

कळीची घडणही पाहायला हवी. फिरत्या कळीत दोन जाती. एकीत पुढची पत्री जोडली जाण्याआधी मागची सुटते. दुसरीत मागची सुटण्याआधी पुढची टेकते. पहिल्या जातीत मधल्या एका क्षणी पुढची ग्रिड उघडी पडते. नागपुरात याचा एक खास अनुभव येऊ शकतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर मोठ्या शक्तीने चालत आलंय. १८ मे १९८८ पासून राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर इथूनच, १००० किलोवॉटने, रात्रभर देशाला ऐकू येई. ती पुढे बंद झाली. एवढी शक्तिशाली मध्यम लहर आसपास असताना उघडी पडलेली ग्रिड आणि तिला जोडलेली लांब तार अँटेनाचं काम करतात, आणि ठकीच्या मागोमाग निवेदकाच्या आवाजाची पुसट रेघ कानी पडते. ग्रिडच्या अगदी पायाशी दहा हजार ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला की ती रेघ पुसली जाते. सिग्नलच्या कळीसाठी मी नेहमी दुसरी जात निवडतो, जोडून मग सोडणारी.

ऋतूचंही इथे चालतं. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडीठाक असते. तेव्हा माझा अ‍ॅम्प्लिफायर कमालीचा शांत वागत असे. जुलैत पावसाने जोर धरला की तीच कळ कुरकुरायची आणि ठक् दुणावायची. कारण साधं आहे. जुन्या कळीची चकती राळ पाजलेल्या कागदाच्या थरांची असते, आणि ती, तसेच मेणकागदी कंडेन्सर, ओल धरतात. ओल धरली की गळती वाढते, गळती वाढली की टोकांच्या पातळ्या बिघडतात. हे कंडेन्सर बदलल्यानंतरचा पहिला श्रावण मी मुद्दाम कळ फिरवून ऐकला आणि समाधान पावलो. चांदीच्या पत्र्यांवर काळा थर येतो, तोही काढावा लागतो. संपर्क-क्लीनरचा एक हलका फवारा, कळ बऱ्याच वेळा मागे-पुढे, आणि पूर्ण वाळू देणं, एवढं पुरतं. पत्र्या कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नयेत. चांदीचा मुलामा जातो आणि कळ कायमची बिघडते.

उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. नागपूरच्या घरात मार्च संपता संपता कूलर बसतो. त्याचा पंप किंवा पंखा चालू-बंद झाला की वायरिंगमधून एक झटका येतो आणि स्पीकरमध्ये ठक् होते. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या माथी मारू नये. खूण अशी : ही ठक् कोरडी, टिचकीसारखी असते, तिच्यात खालच्या स्वरांचं वजन नसतं, आणि कळीला हात न लावताही ती येते. कूलरच्या स्विचवर योग्य प्रतीचा सप्रेसर कंडेन्सर इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतला की ती बरीच मावळते. शिवाय एक आवाज असा आहे, तो ठक्सुद्धा नाही, टिंग आहे. कळ फिरवताना चेसिसला धक्का बसतो आणि एखाद्या ईसीसी८३ च्या आतली पत्री काचेत कंप पावते. त्याला शेपूट असते, पट्टीही असते. पेन्सिलच्या मागच्या रबराने व्हॉल्व्हला हलकेच टोचून पाहिलं की कोणता व्हॉल्व्ह बोलतो ते समजतं. तो व्हॉल्व्ह नंतरच्या टप्प्यात हलवला की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

आवाजाची कळ शून्यावर आणून मग मोड बदलायचा, ही जुन्या माणसांची सवय. रेडिओच्या स्टुडिओतही हेच शिस्तीने चालतं : फेडर खाली, बदल, फेडर वर. आकाशवाणीवर एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होताना मधली शांतता किती स्वच्छ असते, ते आठवून पाहा. ही सवय चांगली आहेच, शिवाय तिने निदानही होतं. आवाज शून्यावर असूनही ठक् तेवढीच येत असेल, तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, प्रीअ‍ॅम्पात शोधत बसू नये.

आतापर्यंतच्या ठका शांत करायच्या होत्या. काही ठका मात्र शांत करायच्या नसतात, ऐकून थांबायचं असतं. १९५१ मध्ये डेव्हिड हॅफ्लर आणि हर्बर्ट केरोस यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्याला मध्येच फाटा काढून तिथे व्हॉल्व्हची दुसरी ग्रिड जोडण्याची ‘अल्ट्रालिनिअर’ पद्धत लोकप्रिय केली. हा फाटा बहुधा ४३ टक्क्यांवर असतो. हौशी लोकांनी त्यावर आणखी एक कळ बसवली : फाट्यावर ठेवलं तर अल्ट्रालिनिअर, प्लेटला जोडलं तर ट्रायोड. ट्रायोडमध्ये ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजाला एक मवाळ गोडवा येतो. वसंतरावांच्या ठुमरीला तो मला आवडतो, नाट्यगीतांना मात्र अल्ट्रालिनिअरचा कस हवा. पण ही कळ तीनशे व्होल्टवर बसलेली असते. चालू अ‍ॅम्प्लिफायरवर ती फिरवली की ग्रिड क्षणभर सुटते, व्हॉल्व्हमधला प्रवाह कोसळतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यात साठलेली ऊर्जा मोठ्या दाबाने उसळते. ती धप्प ऐकायला नुसती मोठी वाटते. आत मात्र व्हॉल्व्हचा पाया, कळ किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन पणाला लागलेलं असतं. इथे रेझिस्टर-कंडेन्सरची मलमपट्टी शोधू नये. अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा, दाब उतरू द्यावा, मग कळ फिरवावी. स्पीकरच्या ४, ८, १६ ओहमच्या कळीलाही हाच नियम. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना त्याच्यापुढचा स्पीकर क्षणभरही सुटता कामा नये.

हल्लीच्या नव्या व्हॉल्व्ह-यंत्रांत मोड बदलताना रिले आधी सिग्नल जमिनीला टेकवतो, बदल होतो, आणि मग आवाज परत सोडतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरांत प्रकाशाने बदलणारे रेझिस्टर वापरून तोच बदल काही मिलिसेकंदांत पसरवतात. उडी चढण झाली की ठक् उरत नाही. ही योजना पक्की आहे, पण माझा जीव त्यात रमत नाही. त्यात ठक् जन्मते आणि तोंडावर हात ठेवून दडपली जाते. एक मेगओहमच्या त्या रेझिस्टरने ती जन्मूच दिलेली नसते. म्हणून जुन्या आकृतीला मी वरचा मान देतो.

नागपूरच्या कितीतरी घरांत माळ्यावर अजून असे व्हॉल्व्हचे सेट आणि हातांनी बांधलेले अ‍ॅम्प्लिफायर पडून आहेत. ते काढाल तर आधी थेट विजेला लावू नका. वर्षानुवर्षं निजलेले मोठे कंडेन्सर एकदम पूर्ण दाब सोसत नाहीत. जाणत्या मेकॅनिककडून व्हेरिअ‍ॅकने हळूहळू दाब वाढवून घ्या. आत हात घालण्याआधी प्लग काढा, कंडेन्सर रेझिस्टरने रिकामे करा, मीटरने शून्य पाहा. तीनशे व्होल्ट माणसाला क्षमा करत नाहीत. मग मोडची कळ शोधा, तिच्या प्रत्येक पत्रीपासून चेसिसपर्यंत वाट आहे का ते मीटरने तपासा, आणि जिथे नसेल तिथे एक मेगओहम लावा. तो सीताबर्डीच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. एवढं झाल्यावर घरातली जुनी मोनो तबकडी लावा, कळ स्टिरिओवरून मोनोवर आणा, आणि तो सेट भंगारवाल्याला द्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.